हेड कोणतं? लहान शहरातला रस्ता आणि जॉगिंग ट्रॅक कुणाच्या पैशातून होतो

अमळनेर असो, चोपडा असो की शहादा, नगरपालिकेत रस्त्याचा अर्ज घेऊन गेलं की बांधकाम विभागातला पहिला प्रश्न रस्त्याच्या लांबीचा नसतो. "हेड कोणतं?" असं विचारतात. नवख्या माणसाला वाटतं, आपल्याला टोलवतायत. कधी कधी टोलवतातही, पण प्रश्न खोटा नाही. पालिकेच्या तिजोरीत येणाऱ्या प्रत्येक रुपयाला लेखाशीर्ष, म्हणजेच हेड, चिकटलेलं असतं. पाण्यासाठी आलेला पैसा रस्त्यात घातला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि सही करणाऱ्याच्या नावावर वसुली लागू शकते. म्हणून सही करणारा "निधी नाही" म्हणून मोकळा होतो.

या "निधी नाही"चा अर्थ बऱ्याचदा इतकाच असतो की निधी येऊ शकेल, पण तुमच्या कामाचा कागद तयार नाही. जिल्हास्तरावर मार्चच्या तोंडावर पैसे उरतात आणि ज्याची फाइल तयार असेल त्याच्याकडे जातात. नव्याने निवडून आलेले नगरसेवक, कॉलनीची मंडळं, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचे गट यांनी ती फाइल कशी उभी करायची, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

१. आधी सातबारा, मग खडी

पालिकेला दुसऱ्याच्या जागेवर पैसे खर्च करता येत नाहीत. त्यामुळे पहिली चौकशी मालकीची.

गावातून जाणारा मोठा रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा, सार्वजनिक बांधकाम खात्याचा, जिल्हा परिषदेचा की पालिकेचा, हे बांधकाम विभागातल्या रस्त्यांच्या नोंदवहीत कळतं. बायपास झाल्यावर गावातला जुना रस्ता आपोआप पालिकेचा होतो असं अनेकांना वाटतं. तसं नाही. हस्तांतरणाचं पत्र आणि ते स्वीकारल्याचा ठराव, दोन्ही मागा. ते नसतील तर खड्डा कुणी बुजवायचा यावर दोन खात्यांची पत्रं फिरत राहतात आणि खड्डा तसाच राहतो.

कॉलनीतल्या रस्त्यांचा घोळ याहून मोठा. लेआउट मंजूर होताना रस्ते, गटारी आणि ओपन स्पेस विकसकाने करून पालिकेकडे सोपवायचे असतात. प्रत्यक्षात प्लॉट विकले जातात, विकसक निघून जातो आणि सातबाऱ्यावर रस्त्याच्या क्षेत्रापुढे जुन्या शेतमालकाचंच नाव राहतं. नगररचना विभागातून मंजूर लेआउटच्या नकाशाची नक्कल, भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका किंवा तलाठ्याकडून सातबारा काढा. हस्तांतरण झालेलं नसेल तर आधी ते करून घ्या. सहा महिने गेले तरी चालतील, कारण त्याशिवायची पुढची सगळी धावपळ फुकट जाते.

विकास आराखड्यातला रस्ता नकाशावर काळ्या रेषेने दिसतो म्हणून तो पालिकेच्या ताब्यात आहे असं समजू नका. जागा संपादित झालेली नसेल तर ती अजून शेतकऱ्याचीच आहे. ती मिळवायचे मार्ग ठरलेले आहेत : वाटाघाटीने खरेदी, हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा, बिल्डरला विकता येणारा जादा बांधकामाचा हक्क), किंवा २०१३च्या कायद्याने भूसंपादन. लहान पालिकेला रोख भरपाई झेपत नाही, आणि टीडीआर घ्यायला बिल्डर मिळेल इतकी बांधकामं तालुक्याच्या गावात नसतात. शिवाय १९६६च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातलं कलम १२७ लक्षात ठेवावं लागतं. आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली तरी संपादन झालं नसेल तर मालक खरेदी सूचना, म्हणजे जागा विकत घ्या अशी नोटीस, देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या २४ महिन्यांत पालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उठतं. बागेसाठी आरक्षित जागेवर ट्रॅकचा विचार असेल तर आराखड्याची तारीख आधी पाहा.

आणि जमिनीखाली काय आहे तेही विचारा. पाण्याची नवी पाइपलाइन किंवा भुयारी गटार मंजूर असेल तर ते काम आधी होऊ द्या. काँक्रीट घालून वर्षभरात फोडलेला रस्ता खानदेशात कुणी पाहिला नाही असं नाही. पाणीपुरवठा विभागाकडून "या रस्त्यावर पुढील काही वर्षांत खोदकाम प्रस्तावित नाही" असं एका ओळीचं पत्र घेऊन फाइलीला लावा.

२. पैसा कुठून येतो

नगरपालिकेला जुन्या काळी जकात होती. नाक्यावर ट्रक थांबायचा आणि रोज रोकड यायची. १९९९मध्ये नगरपालिकांची जकात गेली आणि बदल्यात शासनाचं सहाय्यक अनुदान आलं. ते मुख्यतः पगारात जातं. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार शुल्क, गाळ्यांचं भाडं, बांधकाम परवानगीचं विकास शुल्क ही उरलेली स्वतःची कमाई. त्यातून वीजबिल, सफाई आणि पेन्शन जाता नव्या रस्त्याला फार थोडं उरतं. म्हणून नवा रस्ता बहुतेक वेळा बाहेरच्या पैशातून होतो.

वित्त आयोगाचं अनुदान केंद्राकडून येतं. १५व्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात आपल्याकडच्या लहान शहरांसाठी त्याचे दोन भाग होते. ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. ४० टक्के अबंधित, ज्यातून पगार आणि आस्थापना सोडून स्थानिक गरजेची कामं करता येतात. रस्ता बसतो तो या ४० टक्क्यांत. सभागृहात "वित्त आयोगाचे इतके कोटी आले, रस्ते का नाही?" असं विचारण्याआधी बंधित किती आणि अबंधित किती हे विचारावं. लेखापरीक्षित हिशेब वेबसाइटवर टाकणं आणि मालमत्ता करात वाढ दाखवणं या अटी पाळल्या नाहीत तर अनुदान अडतं. २०२६-२७ पासून १६व्या आयोगाचा काळ आहे, त्याच्या अटी नव्याने वाचाव्या लागतील.

राज्याच्या योजनांत नेहमीच्या वापरातलं नाव म्हणजे नगरोत्थान. तिचे दोन प्रकार आहेत. राज्यस्तरीय नगरोत्थानात मोठे प्रकल्प मुंबईत मंजूर होतात. जिल्हास्तरीय नगरोत्थानात लहान कामं येतात आणि त्यांचा पैसा जिल्हा वार्षिक योजनेतून मिळतो. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी, त्यामुळे कॉलनीच्या रस्त्याचा दरवाजा बहुधा हाच. पालिकेला यात स्वहिस्सा घालावा लागतो आणि तो पालिकेच्या वर्गाप्रमाणे बदलतो. १ लाखाहून अधिक लोकसंख्या असेल तर अ वर्ग, ४० हजार ते १ लाख ब वर्ग, त्याखाली क वर्ग. २०११च्या जनगणनेत १ लाख ८७ हजारांवर असलेलं भुसावळ अ वर्गात, ९६ हजारांच्या आसपासचं अमळनेर ब वर्गात. साक्री, शिंदखेडा, धडगाव या नगरपंचायती. वर्ग लहान तितका स्वहिस्सा हलका.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध वस्तीतल्या कामांसाठी लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधारणा योजना, म्हणजे पूर्वीची नागरी दलित वस्ती सुधार योजना. बाकी वस्त्यांसाठी नागरी दलितेतर योजना. पहिलीचा पैसा शेजारच्या कॉलनीत वळवता येत नाही. वस्तीच्या शंभर मीटर पुढे काम सरकवलं तर तक्रार होते, आणि ती व्हायलाच हवी. नंदुरबार, तळोदा, नवापूर, यावल भागात आदिवासी वस्ती असेल तर एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातही विचारून यावं. विशेष रस्ता अनुदान आणि वैशिष्ट्यपूर्ण कामांचं अनुदान हे आणखी दोन हेड आहेत. ते मंत्रालयातून सुटतात आणि त्यांचा माग आमदारांच्या पत्राशिवाय लागत नाही, हे उघड गुपित.

आमदार आणि खासदार निधी प्रत्येकी वर्षाला ५ कोटी. ऐकायला मोठा वाटतो, पण आमदाराच्या मतदारसंघात शहर एक आणि गावं शेकड्याने. ५ ते १५ लाखांच्या तुकड्यासाठी हा निधी ठीक : ट्रॅकची कड, बाकं, व्यायामाची साधनं, एखादी गल्ली. खासदार निधीतून टिकाऊ मत्ता होते, तिची देखभाल होत नाही. त्यामुळे देखभाल आम्ही करू असं पालिकेचं पत्र आधीच जोडावं लागतं.

कर्जाबद्दल एकच सांगणं. हुडको या केंद्राच्या कर्ज देणाऱ्या संस्थेच्या कर्जाने पालिकेची काय अवस्था होते हे जळगावकरांना वेगळं सांगायला नको. गल्लीतल्या रस्त्यासाठी कर्ज काढायचं नसतं.

३. अंदाजपत्रक

अर्जात "रस्ता करून मिळावा" एवढंच लिहिलं तर तो आवक-जावकमध्ये पडून राहतो. पालिकेच्या अभियंत्याकडून, म्हणजे जेईकडून, अंदाजपत्रक करून घ्या आणि वाचायला शिका. एक उदाहरण घेऊ : ३०० मीटर लांब, ४ मीटर रुंद कॉलनी रस्ता, क्षेत्र १,२०० चौरस मीटर.

तापीखोऱ्यातली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर थेट काँक्रीट घातलं तर दोन पावसाळ्यांत पट्टे वरखाली होतात. म्हणून खाली २०० मिलिमीटर दाबलेला मुरूम, त्यावर १०० मिलिमीटर साधं काँक्रीट आणि वर १५० मिलिमीटर एम-३० (ही मजबुतीची प्रत) काँक्रीट धरू. मुरूम दाबून २४० घनमीटर होतो. सुटा आणताना तो तीसेक टक्क्यांनी जास्त लागतो, म्हणजे साधारण ११० ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर). साधं काँक्रीट १२० घनमीटर, वरचं १८० घनमीटर. एम-३०ला घनमीटरमागे साडेसात ते आठ गोण्या सिमेंट धरलं तर वरच्या थरालाच १,३५० ते १,४४० गोण्या. काम सुरू झाल्यावर साइटवर किती गोण्या उतरल्या, हा हिशेब कुणालाही करता येतो.

आता तिन्ही थरांची बेरीज करा : ४५० मिलिमीटर. जुना रस्ता तेवढा खोदला नाही तर नवा रस्ता घरांच्या ओट्यापेक्षा दीड फूट वर जाईल आणि जुलैत पाणी दिवाणखान्यात येईल. म्हणून ५४० घनमीटर खोदाई आणि ती माती वाहून नेण्याची बाब अंदाजपत्रकात आहे का, हे सर्वांत आधी पाहा. रक्कम कमी दाखवायची असली की पहिली कात्री याच बाबीला लागते. गटारही तसंच. रस्त्याबरोबर किंवा आधी गटार नसेल तर पाणी कडेने मुरमात शिरतं आणि कड तुटते. ४ मीटर रस्ता मध्ये उंच ठेवून दोन्हीकडे २ टक्के उतार दिला तर मध्यापासून कडेपर्यंत ४ सेंटिमीटरचा फरक पडतो. नकाशात हा उतार लिहिलेला असावा.

दर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या चालू दरसूचीतले लावतात. दरसूची बदलली की जुनं अंदाजपत्रक परत येतं. समजा मूळ कामाची किंमत २४ लाख निघाली. त्यावर १८ टक्के जीएसटी ४ लाख ३२ हजार. बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का, २४ हजार. चाचण्या, विमा, त्रयस्थ तपासणी आणि आकस्मिक खर्चाला मिळून ३ टक्के धरले तर ७२ हजार. एकूण २९ लाख २८ हजार. स्वहिस्सा १० टक्के असेल तर पालिकेने स्वतःचे २ लाख ९३ हजार आधी बाजूला ठेवायला हवेत. गल्लीतला ठेकेदार "२४ लाखात होतंय की" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, कर सोडून बोलत असतो. पण निधीची मागणी २४ लाखांची गेली तर काम २५० मीटरवर येऊन थांबतं, आणि शेवटची चार घरं पुढच्या निवडणुकीपर्यंत धुळीत राहतात.

रकमेला बसावं म्हणून एकाच रस्त्याचे दोन-तीन तुकडे करून वेगवेगळी कामं दाखवायचा मोह होतो. ई-निविदेची मर्यादा चुकवायला केलेलं असं विभाजन नियमबाह्य आहे आणि लेखापरीक्षकाच्या नजरेला ते पहिल्याच तासात पडतं.

४. मंजुरीचा प्रवास आणि वेळ

क्रम असा : सर्वसाधारण सभेचा ठराव, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, करारनामा, कार्यारंभ आदेश. तांत्रिक मान्यता म्हणजे अभियंत्याने मापं आणि दर तपासल्याची सही. ती रकमेप्रमाणे पालिकेत किंवा वरच्या कार्यालयात मिळते. प्रशासकीय मान्यता म्हणजे पैसे खर्च करायला परवानगी. जिल्हास्तरीय योजनांत ती जिल्हाधिकारी देतात, आणि फाइल त्यांच्या कार्यालयातल्या नगरपालिका शाखेतून फिरते.

ठरावाची भाषा काटेकोर ठेवा. "प्रभागातील विविध रस्ते" असं मोघम लिहू नका. कुठल्या घरापासून कुठल्या चौकापर्यंत, किती मीटर, कोणत्या योजनेतून, आणि स्वहिस्सा कोणत्या लेखाशीर्षातून, हे सगळं लिहा. नियमाविरुद्धचा ठराव नगरपरिषद अधिनियम १९६५च्या कलम ३०८खाली जिल्हाधिकारी स्थगित करू शकतात. विरोधी गटाला मोघम ठरावाइतकं सोपं हत्यार दुसरं मिळत नाही.

पालिकेचा अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत सभेपुढे येतो. त्यात तुमच्या कामाच्या स्वहिश्शाची ओळ हवी असेल तर डिसेंबरपर्यंत मागणी पोचलेली हवी. एप्रिलमध्ये जाग आली तर पुनर्विनियोजनाची, म्हणजे दुसऱ्या कामाची तरतूद इकडे वळवण्याची, विनवणी करत बसावं लागतं. बांधकामाचा हंगाम दिवाळीनंतर ते मेपर्यंत. म्हणजे पावसाळ्यात अंदाजपत्रक आणि मान्यता, गणपती-नवरात्रात निविदा, दिवाळी आटोपली की काम. उलट झालं, मान्यता मार्चमध्ये आणि कार्यारंभ मेमध्ये, तर भर उन्हात काँक्रीट पडतं किंवा पहिल्या पावसात खोदलेल्या रस्त्याचं डबकं होतं. मध्ये निवडणूक येणार असेल तर आचारसंहितेचे दिवस वजा धरा. कार्यारंभ आदेश निघालेलं आणि प्रत्यक्ष सुरू झालेलं काम चालू राहतं, नवं सुरू करता येत नाही.

निविदेत एकच गोष्ट नीट पाहायची : दर किती कमी आला. २४ लाखांचं काम कुणी २५ टक्के कमी दराने, म्हणजे १८ लाखांत घेतलं तर ते ६ लाख कुठून निघणार, याचा अंदाज वर दिलेल्या गोण्यांच्या हिशेबावरून येईल. फार खालच्या दराला जादा सुरक्षा ठेव घेतात ती याचसाठी. ती खरंच भरून घेतली का ते विचारा. निविदेत शिल्लक राहिलेली रक्कम योजनेची असते, परवानगीशिवाय ती दुसऱ्या रस्त्याला वापरता येत नाही.

५. काम चालू असताना

फलक पहिल्या दिवशी लागला पाहिजे : कामाचं नाव, योजना, रक्कम, ठेकेदार, सुरुवात आणि मुदत, दोषदायित्व कालावधी (उखडलेलं ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा काळ). अंदाजपत्रकाची नक्कल मिळत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज करा, उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. काम सुरू होण्याआधी अर्ज केला तर त्याचा उपयोग, काँक्रीट पडल्यावर मुरमाची जाडी कोण मोजणार?

मुरूम थराथराने पाणी मारून रोलरने दाबतात. २०० मिलिमीटर एकदम टाकून एकदा रोलर फिरवला तर तो वरूनच घट्ट दिसतो. साध्या काँक्रीटवर प्लास्टिकचा कागद अंथरून मग वरचा थर पडतो. कागद वगळला तर खालचा थर वरच्या काँक्रीटला धरून ठेवतो आणि भेगा पडतात. भुसावळ-जळगावकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा काँक्रीट पहाटे किंवा सायंकाळीच घालावं. दुपारी घातलेल्याचं पाणी वाऱ्याने उडून जातं आणि तासा-दोन तासांत पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात.

दर ४ मीटरवर आडवा सांधा कापायचा, म्हणजे या रस्त्यावर ७४ काप. खोली जाडीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे ४० ते ५० मिलिमीटर. कटर चालेल इतकं काँक्रीट घट्ट झालं की त्याच दिवशी कापायचं. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली तर रस्ता आपला आपण फाटतो, आणि सरळ रेषेत फाटत नाही. गोणपाट टाकून किमान १४ दिवस पाणी मारायचं. हे पाणी कुणाचं, हे करारात स्पष्ट हवं. टंचाईच्या दिवसांत ठेकेदार टँकर आणत नाही आणि पालिका नळ सोडत नाही, अशात कित्येक रस्ते तिसऱ्याच दिवसापासून कोरडे पडतात. १८० घनमीटरला निदान ७ नमुने, प्रत्येकी तीन म्हणजे २१ क्यूब (काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे) भरले गेले पाहिजेत, २८ दिवसांची चाचणी त्यांच्यावरच होते. क्यूब साइटवर, त्याच मालातून भरले जातात का एवढं उभं राहून पाहा.

६. जॉगिंग ट्रॅकची गोष्ट वेगळी

ट्रॅकला जागा तीन प्रकारची मिळते : लेआउटमधली ओपन स्पेस, नदी-तलावाचा काठ, वनखात्याची जमीन. ओपन स्पेस सगळ्यांत सोपी, हस्तांतरण झालं की पालिका मोकळी. अमळनेरची बोरी, चाळीसगावची तितूर, शिरपूरची अरुणावती, शहाद्याची गोमाई, असा गावाला नदीकाठ असतोच, पण तिथे निळी (नेहमीच्या पुराची) आणि लाल (मोठ्या पुराची) पूररेषा पाहावी लागते आणि जलसंपदा विभागाचा ना-हरकत दाखला लागतो. निळ्या रेषेच्या आत पक्कं बांधकाम, ऑफिस, स्वच्छतागृह असं काही आखू नका. पुरात वाहून गेलं तर पैसा परत येत नाही. पाण्याखाली जाऊन पुन्हा उघडी पडणारी मुरमाची वाट मात्र चालते. तलाव असेल तर केंद्राच्या अमृत २.० या शहरांसाठीच्या योजनेत जलाशय पुनरुज्जीवन आणि हरित जागा हे घटक आहेत, त्यात काठाची वाट बसवता येते. वनजमिनीवर पालिका स्वतः काम करत नाही, वनखात्याकडूनच करून घ्यावं लागतं. जळगावचं लांडोरखोरी वनोद्यान हे त्याचं ठळक उदाहरण. राज्याच्या माझी वसुंधरा अभियानात पालिकेला बक्षीस मिळालं असेल तर ती रक्कम पर्यावरणाच्या कामांना वापरायची असते, तिच्यावरही लक्ष ठेवा.

सगळीकडे पेव्हर ब्लॉक घालायची फॅशन आहे. फरशीवर रोज चालून गुडघे दुखतात, काळ्या मातीत ब्लॉक वरखाली होतात आणि शेवाळलं की माणूस घसरतो. घालायचेच असतील तर पायी वाटेला ६० मिलिमीटर जाडी पुरते. ५०० मीटरची २ मीटर रुंद फेरी मुरमाची करून वर १०० मिलिमीटर बारीक चुरी दाबली तर चुरी १०० घनमीटर, सुमारे ३५ ब्रास लागते आणि दुरुस्ती फावड्याने होते. दोन्ही कडांना मिळून १,००० मीटर कडेचा दगड हवा, नाहीतर चुरी पहिल्या पावसात गटारात. दर २५ मीटरवर दिवा म्हटलं तर २० खांब. त्यांचं वीजबिल दरमहा पालिकेलाच भरायचंय, हे ठराव मांडतानाच बोलून घ्या.

झाडं लावा, पण हिशेबाने. दर ५ मीटरला एक म्हणजे एका बाजूला १०० झाडं. निंब, करंज आपल्या उन्हात तगतात. आठवड्यातून दोनदा २० लिटर म्हणजे आठवड्याला ४,००० लिटर, एक टँकर. हे दोन उन्हाळे चालवायला लागतं. टँकरची तरतूद नसेल तर १००ऐवजी ३० झाडं लावा आणि ती जगवा.

७. पुढच्या दहा वर्षांचा पैसा

बांधायला पैसा बाहेरून मिळतो, टिकवायला मात्र घरपट्टीच. १५ हजार मालमत्तांचं गाव धरा, सरासरी मागणी वर्षाला २,००० रुपये. मागणी ३ कोटी. वसुली ६० टक्के झाली तर १ कोटी २० लाख बाहेर राहिले, म्हणजे वर उदाहरणात घेतलेले चार रस्ते. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. ती माफ करा अशी मागणी प्रत्येक सभेत होते, आणि तीच मंडळी खड्ड्यांवरही बोलतात. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, त्यात वाढीव मजले आणि दुकानात बदललेली घरं नोंदली गेली की दर न वाढवताही मागणी वाढते. नगरसेवकाला हे काम नकोसं असतं, कारण नोटिसा त्याच्याच मतदारांना जातात.

कॉलनीच्या मंडळाने स्वतःच्या गल्लीतली थकबाकी भरून घेतली आणि त्याची यादी रस्त्याच्या अर्जाला जोडली, तर मुख्याधिकारी तो अर्ज बाजूला ठेवू शकत नाहीत. कायद्यात तशी अट नाही, पण उपाय लागू पडतो.

८. शेवटचं बिल

ठेकेदाराचं देयक मोजमाप पुस्तिकेतल्या, म्हणजे एमबीतल्या, नोंदीवरून निघतं. लांबी, रुंदी, जाडी यांची नोंद काम झाकलं जाण्याआधीची हवी. अंतिम देयकाआधी त्रयस्थ तपासणीचा अहवाल, क्यूबचे निकाल आणि कामाआधीचे, चालू असतानाचे, नंतरचे फोटो फाइलीत आहेत का ते पाहा. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामाला खर्च झाल्याचा दाखला, वेळेत गेलं नाही तर योजनेचा पुढचा हप्ता अडतो, आणि भोगावं लागतं ते दुसऱ्याच गल्लीला.

दोषदायित्व कालावधी संपेपर्यंत ठेकेदाराची सुरक्षा ठेव पालिकेकडे असते. या काळात उखडलेलं त्याने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं, पण तसं लेखी कळवलं असेल तरच. फलकावरची ती तारीख मंडळाच्या वहीत लिहून ठेवा, संपायच्या तीन महिने आधी रस्त्यावरून एक फेरी मारा, भेगांना खडूने क्रमांक द्या, फोटो काढा आणि यादी आवक क्रमांक घेऊन बांधकाम विभागात द्या.